पाहुण्यांची वही भरते. गावाची वही कोरीच!

दिवाळी आटोपून थंडी पडू लागली, की परदेशी विद्यार्थ्यांचे पाय वर्धा-सेवाग्रामकडे वळतात. बापूकुटी पाहायची, मगन संग्रहालयातले चरखे पाहायचे, गोपुरीत दोन भाषणे ऐकायची आणि मग एखाद्या गावात 'ग्रामजीवन' पाहायला जायचे, असा साधारण कार्यक्रम असतो. शाळेत मुली स्वागतगीत म्हणतात, सरपंच शाल-श्रीफळ देतात. पाहुणे पऱ्हाटीत उभे राहून फोटो काढतात, दोन-चार कास्तकारांना प्रश्न विचारतात आणि वहीत टिपून घेतात. दोन तासांत गाडी परत.

पाहुणा आला, त्याला चार गोष्टी कळल्या, हे चांगलेच झाले. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वहीत काय उतरले, ते गावाला कधीच कळत नाही. आणि नववी-दहावीचे जे पोट्टे दोन तास पाहुण्यांच्या मागे-मागे फिरले, त्यांच्या वहीत काय उतरले? बहुतेक काहीच नाही. 'आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक देवाणघेवाण' असे भारदस्त नाव कार्यक्रमपत्रिकेवर असते खरे, पण त्यातली देवाण गावाची आणि घेवाण पाहुण्याची. हा एकतर्फी व्यवहार बरोबरीचा कसा करता येईल, हा प्रश्न आता शाळेने आणि ग्रामपंचायतीने मिळून हाती घ्यायला हवा.

वर्ध्याचा जुना धडा

ही देवाणघेवाण वर्ध्याला नवी नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, हा गांधीजींचा विचार तेथे मांडला गेला आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. तीच पुढे 'वर्धा योजना', म्हणजे नई तालीम म्हणून देशभर ओळखली गेली. सेवाग्रामला हे काम ज्यांनी चालवले, ते आर्यनायकम् मूळचे सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे. त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. पुढे मार्जरी साइक्स या इंग्रज बाई तेथे शिक्षकांना शिकवायला आल्या आणि कित्येक वर्षे राहिल्या. डिसेंबर १९४९ मध्ये जगभरातल्या शांतिवाद्यांची परिषद शांतिनिकेतन आणि सेवाग्राम अशा दोन ठिकाणी भरली होती.

त्या काळातली एक हकीकत आपल्या कास्तकारांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. १९३७ च्या सुमारास लान्झा देल वास्तो नावाचे इटलीत जन्मलेले गृहस्थ वर्ध्याला गांधीजींकडे आले. काही महिने राहिले, सूतकताई शिकले. गांधीजींनी त्यांचे नाव ठेवले 'शांतिदास'. परत गेल्यावर त्यांनी फ्रान्समध्ये आश्रम काढला. पुढे १९७१ मध्ये फ्रान्स सरकारने लार्झाक नावाच्या पठारावरची लष्करी छावणी सुमारे १४ हजार हेक्टरने वाढवायचे जाहीर केले. तेथे मेंढ्या पाळून चीजसाठी दूध विकणारे शेतकरी राहत. त्यांची जमीन जाणार होती. शांतिदासांनी १९७२ मध्ये त्यांच्यासोबत पंधरा दिवसांचा उपवास केला. १०३ शेतकऱ्यांनी जमीन सोडणार नाही म्हणून सही केली. लढा दहा वर्षे चालला आणि १९८१ मध्ये सरकारने तो बेत मागे घेतला. श्रेय त्या शेतकऱ्यांच्या जिद्दीचे. पण शांततेने अडून बसण्याची जी रीत त्यांनी धरली, तिचा एक धागा वर्ध्याहून गेला होता.

शांतिदास वर्ध्याला दोन तासांसाठी आले नव्हते. ते राहिले, हाताने काम केले आणि शिकलेले आपल्या मुलखात नेऊन कामाला लावले. आजच्या भेटींत नेमके हेच राहून जाते.

मुक्काम, काम आणि परतीची वाट

शिकण्याच्या ज्या पद्धती टिकल्या, त्या तपासून पाहिल्या तर तीन गोष्टी सारख्या आढळतात: मुक्काम, काम आणि पुन्हा येणे.

रोटरीची विद्यार्थी-अदलाबदल योजना घ्या. पंधरा ते एकोणीस वयाचा मुलगा किंवा मुलगी परक्या देशात एक शैक्षणिक वर्ष राहते. हॉटेलात नाही, कुटुंबात. तेथल्या शाळेत जाते, घरची कामे करते. वर्षभरात भाषा येते आणि रुसवे-फुगवेही कळतात. पण विमानाचे भाडे, विमा, व्हिसा हे सगळे घरच्यांनी करायचे. त्यामुळे ती वाट शहरातल्या सुखवस्तू घरांपुरतीच राहते. पाच एकर कोरडवाहू वावर असणाऱ्याने त्याकडे पाहून उसासा टाकण्यापलीकडे काय करावे?

मात्र अदलाबदलीला पासपोर्टच लागतो असे नाही. आपल्याच जिल्ह्यात सेलूकाटे येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. नवोदयच्या रचनेत नववीची सुमारे तीस टक्के मुले एक वर्षासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयमध्ये जातात. हिंदी मुलखातली मुले बिगरहिंदी मुलखात आणि तिकडची इकडे. खेड्यातल्या, साध्या घरच्या मुलांना घरून पैसा न लागता परका मुलूख अनुभवायला मिळतो. देशातल्या देशात चालणारी इतकी मोठी अदलाबदल शालेय पातळीवर दुसरी क्वचितच असेल. पण ही सोय निवड परीक्षा पास होणाऱ्या मोजक्या मुलांची.

तिसरे उदाहरण सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एका गावात पंधरा दिवसांचे शिबिर करतात. प्रत्येकाला काही कुटुंबे वाटून दिलेली असतात. शिबिर संपले म्हणून संबंध संपत नाही. पुढेही ठरावीक दिवशी त्याच घरांकडे जावे लागते. म्हणून गावातल्या बाया "आमचा डॉक्टर आला" असे म्हणतात, आणि गावालाही काही मिळते.

आणि सेवाग्रामलाच 'आनंद निकेतन' ही शाळा २००५ पासून नई तालीमच्या जुन्या जागेत मराठी माध्यमातून चालते आहे. शेती, स्वयंपाक, कापसापासून सुतापर्यंतची कामे हा तेथे अभ्यासाचाच भाग आहे. अशा शाळेत परदेशी विद्यार्थी आला, तर आपल्या मुलाजवळ त्याला दाखवायला स्वतःच्या हाताने केलेले काहीतरी असते. बहुतेक हायस्कुलांत तसे काही नसते.

आपल्या पोराजवळ सांगण्यासारखे काय?

"आमच्या पोराले इंग्रजी येत नाही, थो काय बोलन त्यायच्यासंग?" हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. पण भाषेची अडचण दुय्यम आहे, दुभाषा मिळतो. बोलायला माल पाहिजे. तो माल आपल्या मुलाच्या घरात पडला आहे आणि त्याचे नाव कापूस.

समजा, अमेरिकेतल्या टेक्सासचा एक विद्यार्थी आला. टेक्सास हे तिकडचे सर्वांत मोठे कापूस पिकवणारे राज्य. हिंगणघाट किंवा देवळीकडच्या नववीच्या मुलाने त्याला विचारावे, की तुमच्याकडे कापूस कसा विकतात? उत्तर ऐकण्यासारखे आहे. तिकडे वेचणी यंत्राने होते. शेतकरी साधारणपणे जिनिंग करून घेतो आणि रुईच्या गाठी विकतो. गाठ सुमारे २१८ किलोची. जवळजवळ प्रत्येक गाठीचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत तपासला जातो. धाग्याची लांबी, ताकद, रंग, कचरा सगळे कागदावर येते आणि त्यावर भाव ठरतो.

आपण सरकीसकट कापूस विकतो. बंडी नाहीतर टेम्पो बाजार समितीत उभा राहतो. व्यापारी मुठीत कापूस घेऊन पाहतो आणि भाव बोलतो. सीसीआयकडे गेलो तर ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला, की कपात आणि बाराच्या वर गेला, की परत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. प्रत्यक्षात हातात किती पडले, ते ज्याचे त्याला ठाऊक.

आता गणिताच्या गुरुजींनी हाच धडा घ्यावा. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. आपली गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. तिकडचा भाव पौंडाला सेंटमध्ये, आपला क्विंटलला रुपयांत, तोही सरकीसकट. दोन्ही भाव एका मापात आणून दाखवायला सांगा. वजन, टक्केवारी, चलन हे सगळे त्यात आले. आणि मुलगा घरी जाऊन बापाला विचारेल, "बाबा, सरकीचे पैसे आपल्याले भेटते का?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता बापालाही दोन गोष्टी नव्याने कळतील.

हा केवळ शाळेचा खेळ नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचा ११ टक्के आयात कर काही काळासाठी उठवला आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे टेक्सासची गाठ आणि देवळीची बंडी एकाच बाजारात आली. आपल्या मुलाने त्या गाठीचा हिशेब शिकणे हे पोटापाण्याचे ज्ञान आहे.

आणखी एक गोष्ट अशा बोलण्यातून उमगते. टेक्सासच्या पठारावरही भूजल खाली चालले आहे आणि तिकडचा शेतकरीही कर्ज आणि पडलेला भाव यांच्या कात्रीत सापडतो. फरक एवढा, की त्याच्या मागे पीकविम्याचे भक्कम सरकारी पाठबळ असते. "आपलेच नशीब फुटके, शेतीत काही राम नाही" असे घरात रोज ऐकणाऱ्या मुलाला जेव्हा कळते, की दुसरीकडच्या शेतकऱ्याचे प्रश्न असेच आहेत, पण तेथील व्यवस्था वेगळी आहे, तेव्हा तो नशिबाऐवजी व्यवस्थेकडे बोट दाखवायला शिकतो. देवाणघेवाणीतून आपल्या मुलाला मिळणारे शिक्षण ते हेच.

लिहिलेले तेवढेच टिकते

१९९५ मध्ये अमेरिकेत हळदीवर एक पेटंट दिले गेले होते. जखमेवर हळद लावल्याने ती भरते, हा जणू नवा शोध! आपल्याकडे हे आजीबाईलाही ठाऊक. पण "आमच्या आजीला ठाऊक होते" एवढे सांगून पेटंट कार्यालयात भागत नाही, लेखी पुरावा लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या संस्थेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. कोणीतरी लिहून ठेवले होते म्हणून हळद आपली राहिली.

आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही कागदपत्रांच्या बळावर. ही हळद कोण, कशी, कोणत्या मातीत घेते, ते नोंदवावे लागले.

मग बाकीच्या गावांचे काय? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. गावात कोणती झाडे, कोणते जुने बियाणे, कोणती जनावरे, कोणाला कोणते औषध ठाऊक, हे त्यात असावे. सरपंच आणि ग्रामसेवकांनी एकदा ती वही कपाटातून काढून पाहावी. त्यातले किती आपल्या गावचे आहे आणि किती कोणत्याही गावाला चालेल असे आहे, ते लगेच दिसेल. हे काम हायस्कूलच्या मुलांना द्या. गौळाऊ गाई आता कोणाच्या गोठ्यात उरल्या? देशी तुरीचे, जवसाचे बियाणे कोणत्या घरच्या मडक्यात आहे? कोणत्या विहिरीला मार्चात पाणी राहते? 'जलसुरक्षा' हा विषय अलीकडच्या वर्षांत नववी-दहावीला आलाच आहे. विहिरींची पातळी मोजणे हे त्याचेच प्रात्यक्षिक ठरेल.

आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. तेव्हा तेथल्या माणसांनी उन्हात श्रमदान करून काय काय केले, कोणते बांध टिकले आणि कोणते फुटले, हे आसपासच्या हायस्कूलच्या मुलांनी जाऊन लिहून आणले तर त्याहून मोठा क्षेत्र-अभ्यास कोणता? आणि परदेशी पाहुण्याला दाखवायला याहून अभिमानाची वही कोणती?

गावाने अटी घालाव्यात

पाहुण्याला दार बंद करायचे कारण नाही. पण यजमानाचाही मान असतो. म्हणून भेटीचे पत्र आले, की शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायतीने पुढील गोष्टी आधीच सांगाव्यात.

एक, दोन तासांची भेट नको. निदान तीन-चार दिवसांचा मुक्काम आणि त्यात आपल्या मुलांबरोबर जोडीने काम. एक परदेशी विद्यार्थी, एक आपला. दोघांनी मिळून एकच विषय घ्यावा.

दोन, गावात जे टिपले, त्याची मराठी प्रत ग्रामपंचायतीला आणि शाळेला मिळाली पाहिजे. ती २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपल्या मुलांनी वाचून दाखवावी. चुकीचे असेल ते गावकरी तेथेच दुरुस्त करतील.

तीन, "आत्महत्या झालेले घर दाखवा" या मागणीला स्पष्ट नाही म्हणा. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज आले, त्यांत वर्धा होता. तेव्हापासून अशा मागण्या होत आल्या आहेत. एखाद्या माउलीला स्वतःहून बोलायचे असेल तर गोष्ट वेगळी. पण तिचे दुःख म्हणजे प्रदर्शनातली वस्तू नव्हे. फोटोला आधी परवानगी, लहान मुलांच्या फोटोला आई-बापाची परवानगी.

चार, जेवणखाण बचत गटाकडे द्या आणि त्याचे रास्त पैसे घ्या. पाहुणचार आपला धर्म असला, तरी चाळीस माणसांच्या भाकरी थापणाऱ्या मावशीची मजुरी बुडू नये.

पाच, परदेशी पाहुणा कोणाच्या घरी मुक्कामी राहिला तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत शासनाच्या संगणकीय नोंदणीत द्यावी लागते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. पोलीस पाटलांनी आणि ग्रामसेवकांनी आधीच तेथे विचारून ठेवावे. नंतर यजमानाला हेलपाटे नकोत.

आता आक्षेप येतील. गुरुजी म्हणतील, आधीच ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे डोक्यावर आहेत, त्यात हे आणखी. त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच हे सगळे एकट्या शाळेवर टाकू नये. विहीर मोजायला गावातला जाणता माणूस, बियाण्याची माहिती द्यायला म्हाताऱ्या बाया, बाजाराचा हिशेब समजावायला बाजार समितीचा कर्मचारी, असे गावातलेच 'शिक्षक' उभे करता येतात. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिरांकडे शिकण्याचे सांगितले आहे. त्याच दिवसांत तयारी करता येईल आणि नववीत वही पुढे नेता येईल.

पालक म्हणतील, दहावीच्या मार्कांचे काय? मार्क महत्त्वाचे आहेतच. पण कापसाचा हिशेब केलेल्या मुलाला टक्केवारी पुन्हा वेगळी शिकवावी लागत नाही. आणि मुलींच्या बाबतीत पालकांनी हात आखडता घेऊ नये. बियाणे, पाणी, सरपण, स्वयंपाक यांची माहिती घराघरांतून आणायची, तर ते काम मुलीच अधिक चांगले करतील. त्यांना गटाने पाठवा, दिवसाउजेडी पाठवा, सोबत बाई द्या, पण त्यांना वगळू नका.

पहिली वही कोरीच असते. येत्या सत्रात जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत निदान एकेका हायस्कूलने दोनशे पानी रजिस्टर घ्यावे आणि पहिल्या पानावर गावाचे नाव घालून विहिरींपासून सुरुवात करावी. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्याला तपासणीचा तक्ता लावू नये, फक्त वर्षाअखेरीस ती वाचावी. पाहुणे पुढच्या थंडीत येतीलच. तेव्हा नववीतली एखादी पोरगी त्यांच्यासमोर उभी राहून सांगेल, की आमच्या गावात इतक्या विहिरी, त्यातल्या इतक्यांना मार्चात पाणी आणि आमच्या कापसाचा पौंडाला हिशेब इतका. मग ती विचारेल, "आता तुमचे सांगा." देवाणघेवाणीला खरी सुरुवात त्या दिवशी होईल.